आधी दुसरी सर्व्हिस

नमस्कार, श्रोतेहो.

टेनिस नुकतंच खेळायला लागलेला एखादा खेळाडू सर्व्हिसचा, म्हणजे गुण सुरू करणाऱ्या फटक्याचा, सराव करताना बघा. पायाशी चेंडूंची टोपली, आणि एकामागून एक चेंडू जीव खाऊन हाणणं चाललेलं. दहांतले दोन-तीन सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे नेटपलीकडे सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकटीत, सणसणीत पडतात आणि तेवढ्यावर स्वारी खूश असते. बाकीचे नेटमध्ये अडकतात, नाहीतर थेट मागच्या कुंपणावर जाऊन आदळतात. मग सामना सुरू होतो. तिथे दर गुणाला सर्व्हिसच्या दोनच संधी. पहिली सर्व्हिस चुकते, आणि हाच खेळाडू दुसरी सर्व्हिस भीत भीत, हात आखडून, कशीबशी पलीकडे ढकलतो. जिची खरी गरज होती, तिचा सराव झालेलाच नसतो.

मला आज सांगायचंय ते याच्या उलट. नव्या खेळाडूने दुसरी सर्व्हिस आधी शिकावी, पहिली मागाहून.

थोडा हिशेब करू. समजा तुमची पहिली सर्व्हिस निम्म्या वेळा आत पडते आणि दुसरीही निम्म्याच वेळा. म्हणजे दर 4 गुणांमागे 1 गुण डबल फॉल्टने, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्याने, गेला; समोरच्याला रॅकेट हलवायचीही गरज पडली नाही. आता पहिली तशीच राहू द्या. फक्त दुसरी दहांत नऊ वेळा आत पडायला लागली, तर डबल फॉल्ट 20 गुणांत एकावर येतो. पहिलीचा वेग वाढवून नवशिक्याला एवढा फायदा होणं मला तरी शक्य वाटत नाही.

आता भरवशाची दुसरी सर्व्हिस म्हणजे हळू सर्व्हिस, असा आपला समज असतो. तो आधी बाजूला ठेवू आणि कोर्टाकडे पाहू. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या सगळ्यात मागच्या रेघेपासून, नेट 39 फूट. नेटपासून सर्व्हिस बॉक्सची मागची रेघ 21 फूट. नेट मधोमध 3 फूट उंच. सरळ रेषेत मारलेला चेंडू नेटवरून जाऊन त्या रेघेच्या आत पडायचा असेल, तर तो साडेआठ फुटांहून थोड्या जास्त उंचीवर मारावा लागेल. मध्यम उंचीच्या माणसाचा हात आणि रॅकेट मिळून जेमतेम तिथवर पोचतात. म्हणजे वरून खाली चेंडू हाणायला जागाच नाही! तरीही नवा खेळाडू खालीच मारतो, कारण बॉक्स त्याला खाली दिसत असतो. खरं तर ताशी 80 किलोमीटर वेगाचा चेंडू त्या उंचीवरून जमिनीला अगदी समांतर निघाला, तरी गुरुत्वाकर्षण त्याला नेटपलीकडे बरोबर बॉक्समध्ये आणून टाकतं. चेंडूला वरून पुढे जाणारी फिरकी दिली, म्हणजे टॉपस्पिन दिला, तर तो आणखी लवकर खाली वळतो. मग तो नेटच्या दोन-तीन फूट वरून गेला तरी चालतो. दुसऱ्या सर्व्हिसचा भरवसा इथून येतो. वेग कमी केल्याने तो येत नाही, उंचीने आणि फिरकीने येतो.

फिरकी द्यायची तर रॅकेट धरण्याची पद्धत बदलावी लागते, आणि खरी रड इथेच आहे. बहुतेक नवे खेळाडू फोरहँडला, म्हणजे तळहाताच्या बाजूने मारायच्या फटक्याला, धरतात तशीच रॅकेट सर्व्हिसला धरतात. तशा पकडीत तारा आयत्याच चेंडूसमोर येतात, चेंडू सपाट मारता येतो, म्हणून ती सोपी वाटते. पण तिच्यातून फिरकी जवळजवळ निघत नाही. सर्व्हिसला लागते ती काँटिनेंटल ग्रिप. रॅकेटची कड समोर ठेवून, हातोडी धरावी तशी मूठ धरायची. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याने कड जमिनीकडे ठेवली, की वर येणारा पैलू पहिला आणि त्याच्या उजवीकडचा दुसरा. तर्जनीच्या मुळाचं हाड या दुसऱ्या पैलूवर टेकलं पाहिजे. डावखुऱ्यांनी आजचं सगळंच आरशातल्यासारखं उलटं करून घ्यावं.

ही ग्रिप पहिल्यांदा धरून सर्व्हिस केलीत, की चेंडू भलतीकडेच जातो. उजव्या हाताचा खेळाडू असेल तर बहुधा डावीकडे. दहा चेंडू असे गेले की माणूस वैतागतो आणि गुपचूप जुन्या पकडीवर परततो. इथे थांबायचं नाही. चेंडू डावीकडे जातो, कारण हात अजून वळलेला नसतो. या ग्रिपमध्ये रॅकेट चेंडूकडे कडेने जाते, आणि अगदी शेवटच्या क्षणी खांदा आणि कोपरापुढचा हात आतल्या बाजूने फिरून तारा चेंडूसमोर येतात. प्रशिक्षक याला प्रोनेशन म्हणतात. जमलं की नाही हे फटक्यानंतर कळतं: क्षणभर तळहात बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताचा उजवीकडे, वळलेला असतो. मनगट मुद्दाम झटकायची मात्र गरज नाही. मूठ सैल ठेवलीत तर ते आपोआप साथ देतं. आवळून धरलीत तर कुठल्याही सूचनेचा उपयोग होत नाही.

हे बेसलाइनवरून शिकायला जाऊ नका. नेटजवळच्या सर्व्हिस लाइनवर, म्हणजे सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या रेघेवर, उभे राहा, रॅकेट आधीच डोक्यामागे नेऊन ठेवा, आणि तिथून चेंडू वर-पुढे मारा. तो कुठे पडतो याकडे सुरुवातीला लक्षच देऊ नका. तो फिरतोय का, एवढं बघा. चेंडूच्या उजव्या बाजूवरून तारा घासत गेल्या की स्लाइस मिळतो आणि चेंडू हवेतच डावीकडे वळतो. माझ्या मते नव्या खेळाडूने या स्लाइसपासूनच सुरुवात करावी. पाठीला कमान देऊन मारायच्या, टप्प्यावर उसळणाऱ्या किक सर्व्हिसचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पाठ आणि खांदा तयार नसताना त्या वाटेला जाऊ नये. स्लाइस हाताला लागला की दोन-तीन पावलं मागे सरा, पुन्हा तेच करा, आणि असं करत करत बेसलाइनपर्यंत या. खांदा दुखायला लागला तर त्या दिवशी तिथेच थांबा.

टॉसबद्दल, म्हणजे मारण्याआधी चेंडू वर उडवण्याबद्दल, मात्र हयगय नको. टॉस बिघडलेला असताना सर्व्हिस सुधारायला बसणं म्हणजे वेळ वाया. चेंडू बोटांच्या टोकांनी धरा, तळहातात दडपू नका. कोपर न वाकवता अख्खा हात खांद्यातून वर जाऊ द्या आणि कपाळाच्या उंचीवर सगळी बोटं एकदम उघडा. चेंडू रॅकेटच्या पोचीपेक्षा थोडासाच वर गेला पाहिजे. फार उंच गेला तर तो खाली वेगाने येतो आणि वेळ साधणं अवघड होतं. ताडून बघायचं तर पुढच्या पायाशी मूठ येईल अशी रॅकेट कोर्टात आडवी ठेवा, टॉस करा, आणि चेंडू न मारता पडू द्या. तो रॅकेटच्या तारांवर किंवा आसपास पडायला हवा. हे घरी, अंगणात, कुठेही करता येतं. आणि नियमातली एक सवलत लक्षात असू द्या: टॉस वाईट गेला तर चेंडू सोडून द्या किंवा झेला, तो फॉल्ट नाही. रॅकेट फिरवली आणि चेंडू हुकला, तर मात्र फॉल्ट.

पायांबद्दल फार बोलत नाही. पुढचा पाऊल नेटच्या उजव्या खांबाच्या रोखाने, मागचा बेसलाइनला समांतर, आणि चेंडू मारेपर्यंत रेघेला स्पर्श नाही. गुडघे वाकवून उडी घेणं वगैरे पुढचं पुढे.

आता सामन्यातली गोष्ट. 30-40 असा स्कोअर आहे, म्हणजे हा गुण गेला की गेमही गेला, आणि पहिली सर्व्हिस गेलेली आहे. अशा वेळी मन सांगतं, हात हळू चालव. पण हात मंदावला की फिरकी जाते, आणि फिरकी गेली की चेंडूला खाली आणायला एकटं गुरुत्वाकर्षण उरतं. म्हणून दुसऱ्या सर्व्हिसलाही हात पहिलीइतकाच वेगाने फिरला पाहिजे. फरक एवढाच, की तो वेग चेंडूला पुढे ढकलण्यात कमी आणि फिरवण्यात जास्त खर्ची पडतो.

ही धास्ती मोठमोठ्यांनाही सुटलेली नाही. आरिना सबालेंकाने 2022च्या हंगामात 400हून जास्त डबल फॉल्ट केले. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंमध्ये गणली जाणारी ही मुलगी, पण सर्व्हिस हरवून बसली होती. मग तिने शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाची मदत घेतली आणि सर्व्हिस नव्याने बांधली. जानेवारी 2023मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्या अंतिम सामन्यात विजेतेपदाचा पहिला गुण हाताशी आला, तेव्हा तिने काय केलं? डबल फॉल्ट. पण त्यानंतरही तिने हात आखडला नाही.

नवी सर्व्हिस बसेपर्यंत सामन्यात काय करायचं, असं कुणी विचारेल. हाताखालून सर्व्हिस करा. ती पूर्ण नियमात बसते. 1989च्या फ्रेंच ओपनमध्ये 17 वर्षांच्या मायकेल चँगने, पायांत गोळे येत असताना, तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या इव्हान लेंडलला अशी सर्व्हिस केली, तो गुण जिंकला, सामनाही जिंकला आणि पुढे स्पर्धाही. लोक हसतील तर हसू द्या; डबल फॉल्टपेक्षा ती केव्हाही बरी.

आणि सरावाला जोडीदार मिळत असेल, तर एक सेट असा खेळा की दोघांनाही एकच सर्व्हिस. चुकली की गुण गेला. पहिल्या दोन-तीन गेममध्ये दोघंही चेंडू नुसता ढकलतील. मग समोरचा त्या ढकललेल्या चेंडूवर पुढे येऊन मारायला लागेल, आणि तुम्हाला हात मोकळा सोडावाच लागेल. असे काही सेट झाले, की नेहमीच्या सामन्यात पहिली सर्व्हिस जोरात मारायला तुम्ही आपणहून मोकळे व्हाल, कारण ती चुकली तरी हातात दुसरी असेल.

नमस्कार.