तव्याचा चटका आणि न दुखणारा चट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

भाकरी उलटताना बोट तव्याला लागतं, तेव्हा काय होतं आठवून पाहा. हात आधी मागे येतो. तो हुकूम मेंदूचा नसतो, मेरुरज्जूतून परस्पर सुटतो. मग तीक्ष्ण चटका जाणवतो, तोंडातून ‘स्स’ निघतं. आणि क्षणभराने बोट ठणकायला लागतं. एकाच भाजण्याची ही दोन दुखणी, दोन वेगळ्या वाटांनी आलेली.

पुस्तकातल्या चित्रात चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा तिचा लांब धागा, पानात मावावा म्हणून तोकडा काढतात. प्रत्यक्षात बोटाच्या टोकाची बातमी नेणारी पेशी मानेच्या मणक्याशेजारी बसलेली असते आणि तिचा तंतू काखेतून, कोपरावरून थेट बोटापर्यंत आलेला असतो. एकच पेशी, पण हाताएवढी लांब! पायाच्या अंगठ्याची तर मीटरभर. मी वर्षानुवर्षं फिजिओथेरपीचं काम करते आहे, तरी मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

तंतूच्या पापुद्र्यातून सोडिअमचे आयन आत घुसतात, पोटॅशिअमचे बाहेर पडतात आणि ही उलथापालथ पुढे पुढे सरकत जाते. हाच संदेश. काही तंतूंवर श्वान पेशी मायलिनचे, म्हणजे चरबीयुक्त आवरणाचे, वेढे घालतात. (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं हे नाव.) वेढ्यांच्या मधल्या उघड्या जागांवरून संदेश उड्या घेत जातो. तीक्ष्ण चटका अशा तंतूंवरून येतो. ठणका येतो तो बिनमायलिनच्या बारीक तंतूंवरून, सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगाने, म्हणून तो मागून पोचतो. दोन पेशींमध्ये जी सूक्ष्म फट असते, ती रसायनं ओलांडतात.

१८७३ साली इटलीत गोल्जी यांनी अख्खी चेतापेशी काळी रंगवून दाखवणारी रीत जाहीर केली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या बर्गनमध्ये हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचा जिवाणू दिसला. पेशी आणि तिचा वैरी, एकाच वर्षी.

हा जिवाणू नेमका श्वान पेशींत घर करतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा तो धरतो. कोपर आपटलं की जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती नस त्यांतलीच. बारीक तंतू आधी जातात, आणि ऊन-गार कळणं, दुखणं त्यांच्याबरोबर जातं.

माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी एक काका आले होते. कुणीतरी चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, वाफाळता. मला तो पदराशिवाय धरवला नसता. काका पेला मुठीत धरून निवांत बोलत होते. मी तो काढून घेतला, तर तळहात लालबुंद झालेला. संध्याकाळी फोड आला. पाठीवर एक फिकट चट्टा कितीतरी वर्षांपासून होता. “दुखत नव्हता, खाजत नव्हता, मग कशाला यायचं बाई?” काका म्हणाले.

श्रोतेहो, म्हणूनच आज बोलायला आले आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर डोळे मिटून घरच्या कुणाला तरी त्यावर कापूस फिरवायला सांगा. स्पर्श कळला नाही, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच जा. गोळ्या मोफत मिळतात, उपचार साधारण ६ ते १२ महिन्यांचा असतो आणि त्याने रोग बरा होतो. कापलेली नस धड जोडली, तर तिचे तंतू दिवसाला मिलिमीटरभर पुन्हा वाढू शकतात. कुष्ठरोगात मात्र फार दिवस दबलेली नस बहुधा परत येत नाही.

काकांचा रोग बरा झाला, तळहाताची जाणीव परतली नाही. आता ते पेल्याला फडकं गुंडाळतात. रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे निरखतात, मग पावलं. भेटायला आले की खुर्चीत बसायच्या आधी हात पुढे करतात, “बघा बाई, एकही फोड नाही.”