काडाचा मुरघास: मळी, जिवाणू की युरिया?

नमस्कार. धान्य काढल्यानंतर उरलेले काड, पेंढा किंवा मक्याची धाटे मुरवायची असतील, तर जिवाणूंचे पाकीट विकत घेण्याआधी त्या जिवाणूंना खाण्यासाठी या चाऱ्यात काही शिल्लक आहे का, हे पाहावे. मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, टिकतो तो लॅक्टिक आम्लामुळे, आणि हे आम्ल जिवाणू साखरेपासून तयार करतात. दाणे पक्व होईपर्यंत ताटातील बरीचशी साखर कणसात गेलेली असते. वाळलेल्या काडात तर पाणीही उरत नाही. म्हणूनच सुक्या काडावर नुसते पाकीट वापरणे हा माझ्या मते वाया जाणारा खर्च आहे.

आधी पाण्याचा हिशेब करू. १० टक्के ओलावा असलेले १०० किलो काड ६५ टक्के ओलाव्यावर आणण्यासाठी सुमारे १५५ लिटर पाणी लागते. आकडा मोठा वाटेल. पण त्यातील ९० किलो कोरडा भाग एकूण वजनाच्या ३५ टक्के व्हायचा असेल, तर एकूण वजन २५७ किलो भरते. काडाची दोन-तीन सेंटीमीटर लांबीची कुट्टी केली नाही, तर ते एवढे पाणी नीट धरत नाही आणि दाबताना आतील हवाही निघत नाही. साखरेची उणीव भरण्यासाठी ओल्या वजनाच्या ३ ते ५ टक्के मळी (साखर कारखान्यातील दाट, काळा गोड पाक) याच पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडावी. जिवाणू मिसळायचे असल्यास पाणी क्लोरीनचे नसावे.

सेल्युलेज, झायलनेज ही विकरे (एन्झाइम) काडाच्या तंतूंतून थोडी साखर मोकळी करतात. तंतूंना कडक करणाऱ्या लिग्निनपुढे मात्र त्यांचे काही चालत नाही.

युरियाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. सुक्या काडावर ४ टक्के युरिया टाकून ते झाकून ठेवण्याची पद्धत मुरघासाची नव्हे. तिथे अमोनिया तंतू सैल करतो, म्हणजे काम अल्काचे (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाचे) असते, तर मुरघासात आम्लाचे. मुरघासात प्रथिनांची उणीव भरून काढण्यासाठी ओल्या वजनाच्या ०.५ ते १ टक्का युरिया चालतो, पण त्याचा अमोनिया तयार झालेले आम्ल मारत असल्याने सोबत मळी हवीच. तो पाण्यात पूर्ण विरघळला पाहिजे, कारण एका जागी साचलेला युरिया जनावराला विषारी ठरतो. रवंथ सुरू न झालेल्या वासरांना असा मुरघास मुळीच देऊ नये.