बाळ एकाच बाजूला दूध पितंय? आधी त्याची मान बघा

(टेबलावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला. शेजारी कापडी बाहुली आणि दुपटं.)

तुमच्याजवळ पाणी असेल तर घ्या हातात. आता हनुवटी उजव्या खांद्यावर न्या. अजून. टेकवाच. आणि मान तशीच ठेवून एक मोठा घोट घ्या.

(स्वतः पिऊन दाखवते.)

जात नाही असं नाही, पण घसा ओढला जातो आणि घोट अडखळतो. हेच तुम्हाला दिवसातून दहा-बारा वेळा, दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं करायचंय. आणि तुमचं वय आहे अठरा दिवस. काय कराल? रडाल. मग घरातलं कुणीतरी तुमच्या आईला म्हणेल, "तुला दूधच पुरत नाहीये गं."

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे अंगावर पिताना अडचण येणारी बाळं येतात असं सांगितलं की समोरचा हसतोच. "बाळाची कंबर धरली की काय?" कंबर नाही धरत. पण मान धरते, आणि ती धरली की तोंडाचं सगळं काम बिघडतं.

ते कसं, बघा. छातीला लागलेलं बाळ दूध वाहायला लागलं की साधारण सेकंदाला एकदा ओढतं. ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, परत ओढायचं. आपण वाचायला शिकलो, सायकल शिकलो, पण याच्याइतकं अवघड काम आपण पहिल्या तासात केलेलं आहे, फक्त आठवत नाही. या कामात जीभ आहे, जबडा आहे, आणि इथे हनुवटीखाली (बोट लावून) घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक चिमुकलं हाड आहे. हायॉइड म्हणतात त्याला. हे हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला थेट जोडलेलं नाही. स्नायूंवर टांगलेलं आहे, पाळण्यासारखं. त्याच्या दोऱ्या जिभेला, जबड्याला, छातीच्या हाडाला, अगदी खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातात. पाळण्याची एक दोरी आखूड केली तर पाळणा कसा झुलेल?

आता मुख्य गोष्ट. मान डावीकडे वळवा आणि उजव्या कानामागून छातीच्या हाडाकडे येणारी ही जाड दोरी चाचपा. हा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. काही बाळांमध्ये एका बाजूचा हा स्नायू जन्मतः आखूड किंवा घट्ट असतो. पोटात जागा अपुरी पडलेली असते, बाळ पायाळू असतं, कधी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून प्रसूती झालेली असते, आणि कधी काहीच कारण सापडत नाही. उजवा स्नायू आखडला तर डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि तोंड डावीकडे वळतं. डॉक्टर याला टॉर्टिकॉलिस म्हणतात, आपण म्हणतो तिरकी मान.

काही बाळांच्या मानेत या स्नायूवर गाठही लागते, जन्मानंतर दोन-चार आठवड्यांत. माझ्या अनुभवात ही गाठ बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हाताला लागते. रोज तेल लावणारा हात तो, त्याला कळणारच. मावशींचं इथपर्यंत कौतुक. पण मग त्या ती गाठ चोळून "जिरवायला" बघतात, ते मात्र नको. डॉक्टरांना दाखवा. ती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप विरते.

हे सगळं आईला कसं कळतं? मानेवरून नाही कळत. नवजात बाळाला मान असते कुठे, घड्याच घड्या! तिला कळतं पाजताना. समजा, या बाळाचं तोंड डावीकडे वळलेलं आहे. (बाहुली मांडीवर घेते.) नेहमीसारखं मांडीवर आडवं घेऊन उजव्या बाजूला लावलं तर त्याला मान डावीकडेच ठेवायची आहे. मस्त पितं. आता डाव्या बाजूला. मान उजवीकडे वळायला हवी, ती वळत नाही. बाळ पाठ ताणतं, मुठी आवळतं, धरतं, सोडतं. तोंड पुरतं उघडत नाही म्हणून नुसतं टोक पकडतं. चट् चट् आवाज येतो, एका कोपऱ्यातून दूध गळतं. आणि आईच्या एकाच बाजूला चिरा पडतात. एकाच बाजूला! हे मी मुद्दाम दोनदा सांगतेय, कारण दूध कमी असतं तर दोन्हीकडे रडारड झाली असती. "त्या बाजूचं दूध त्याला आवडत नाही" असंही सांगतात लोक. दूध तेच आहे हो.

अजून एक खूण आहे. बाळ रडत असताना खालची हिरडी बघा. कधी कधी ती वरच्या हिरडीला समांतर नसते, एका बाजूला उतरलेली दिसते. जबडाही मानेबरोबर तिरका बसलेला असतो.

मग फिजिओ काय करते? सुरुवातीला काहीच नाही. बघत बसते. बाळ उताणं पडलंय, हात-पाय दोन्हीकडे सारखे हलतात का, नजर कुठे जाते. मग मान किती वळते ते हळूच तपासते. खुबे तपासते, कारण तिरक्या मानेबरोबर कधी कधी खुब्याचाही दोष सापडतो. कॉलर बोन चाचपते, प्रसूतीत ते मोडलेलं असू शकतं, आणि त्या कुशीवर घेतलं की बाळ कळवळतं. आणि मग म्हणते, "आता पाजा." बऱ्याच आया इथे अवघडतात. अवघडू नका. तुम्ही पाजताना पाहिल्याशिवाय मला अर्धंच कळतं.

उपचार ऐकून तुमची निराशा होईल, कारण यंत्र नाही, लाइट नाही, कटाकट काही वाजत नाही. मानेचा सावकाश ताण, तो कसा द्यायचा हे तुमच्या हाताला शिकवणं, बाळाने स्वतःहून न आवडत्या बाजूला बघावं अशी परिस्थिती तयार करणं, आणि पाजायची पद्धत बदलणं. ताण मात्र व्हिडिओ बघून देऊ नका, माझाही नाही. प्रत्यक्ष शिकून घ्या.

पाजायची पद्धत मात्र आत्ता दाखवते. उजव्या बाजूला पिऊन झालं ना? आता बाळाला उलटं फिरवू नका. (बाहुली सरकवते.) आहे तसंच, त्याच दिशेला तोंड ठेवून, डाव्या बाजूकडे सरकवा. पाय गेले तुमच्या डाव्या काखेखालून मागे. बगलेत वही धरावी तसं. झालं, मानेला वळायची सक्तीच उरली नाही आणि डाव्या बाजूचं दूधही साचून राहिलं नाही. हा कायमचा इलाज नाही, मान सुटेपर्यंतची तडजोड आहे.

दुसरं, डोक्याच्या मागे हात लावून छातीवर दाबायचं नाही. घरातली मोठी माणसं प्रेमाने दाबतात. पण डोक्यामागे दाब आला की बाळ उलट मागेच रेटतं, आणि आपल्याला वाटतं, नको म्हणतंय. हात मानेच्या मुळाशी आणि खांद्यांमागे. हनुवटी आधी टेकू दे, डोकं किंचित मागे, फुलाचा वास घेताना जातं तेवढं. आणि पाय! उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून जेवून बघा, कसं डुगडुगल्यासारखं होतं. बाळाचे तळवे तुमच्या दंडाला, उशीला, कशाला तरी टेकलेले हवेत.

बाकीचा दिवसही कामाला लावायचा. ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूने बोला. भिंतीकडे तोंड करून झोपत असेल तर पाळण्यात डोक्याची बाजू बदला. जागं असताना, तुम्ही मागे रेलून बसलेल्या असताना, तुमच्या छातीवर पालथं घ्या.

इथे मला मोहरीच्या उशीबद्दल बोलायलाच लागेल, आणि आज्यांनी रागावू नये. डोकं गोल व्हावं म्हणून ती आपण ठेवतो. पण ज्याची मान आधीच वळत नाही, त्याचं डोकं त्या खळग्यात अजून घट्ट बसतं. शिवाय तान्ह्या बाळाला झोपताना उशी नकोच, कसलीच. उताणं, सपाट गादीवर. डोकं गोल व्हायचं असेल तर मान दोन्हीकडे फिरायला हवी.

आणि थांबू नका, "होईल आपोआप" म्हणून. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या बालरोग विभागाची तिरक्या मानेवरची मार्गदर्शिका आहे, २०१८ ची. त्यात मांडलेलं गणित असं: उपचार महिन्याच्या आत सुरू झाले तर ९८ टक्के बाळांची मान साधारण दीड महिन्यात पूर्ण वळायला लागते. महिना उलटल्यावर सुरू केले तर सहाएक महिने लागतात. सहा महिन्यांनंतर आलात तर नऊ ते दहा. सव्वा महिन्यापर्यंत बाळ घराबाहेर काढायचं नाही, हे मी समजू शकते. पण डॉक्टरकडे जाणं त्यात धरू नका ना.

आता वेगळी बाळं, नऊ महिने पूर्ण व्हायच्या आत आलेली. यांची मान ठीक असते, पण ओढणं-गिळणं-श्वास हा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळीने दूध द्यावं लागतं, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग छाती. हा प्रवास लवकर होऊ शकतो. २००२ मध्ये फ्युसील, गिझेल आणि लाऊ यांनी ३२ बाळांवर एक अभ्यास केला, २६ ते २९ आठवड्यांत जन्मलेल्या. निम्म्या बाळांना रोज पंधरा मिनिटं गाल, ओठ, हिरड्या आणि जीभ ठरावीक क्रमाने बोटाने चोळली आणि शेवटी चोखायला दिलं. ती बाळं सरासरी ११ दिवसांत पूर्णपणे तोंडाने पिऊ लागली, बाकीच्यांना १८ दिवस लागले. नळी असलेल्या बाळाच्या आईसाठी सात दिवस म्हणजे काय, हे तिलाच विचारा. हे काम मात्र एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, प्रशिक्षित हातांचं आहे. तुमच्या हातात आहे कांगारू केअर, बाळ उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवणं. ते १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये सुरू झालं, आज आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही शिकवतात. मागून घ्या.

डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा अंगाने सैल असलेल्या बाळांना जबड्याखाली हाताचा आधार देऊन पाजतात. त्यावर वेगळा व्हिडिओ करेन, दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही ते.

जे फिजिओने होत नाही तेही सांगते. आधी बालरोगतज्ज्ञ, मग स्तनपान सल्लागार, आणि आम्ही त्यांच्या जोडीला, जागेवर नाही. जिभेखालची तार आखूड असेल तर मी ती ताणून लांब करू शकत नाही. पण तार दिसली की कापा, असंही नाही. निम्म्याहून कमी बाळांनाच तिच्यामुळे पिताना अडचण येते. कवटीची हाडं हलक्या हाताने "जुळवून" देतो म्हणणारे भेटतील, त्या दाव्याला भक्कम आधार नाही. आणि तुमच्या बाळाची मान कुणी झटका देऊन वळवायला लागलं, मग ते कितीही नावाजलेले असोत, तर बाळ उचला आणि निघा.

पाजताना ओठ निळे पडणं, दर वेळी ठसका लागून गुदमरणं, कपाळावर घाम येऊन धाप लागणं, पिण्यासाठीसुद्धा जागं न होणं, यातलं काहीही असेल तर माझ्याकडे येऊ नका, सरळ दवाखान्यात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, किंवा दोन आठवडे झाले तरी जन्माचं वजन परत आलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर.

खासगी परवडत नसेल तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, डीईआयसी म्हणतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली आहेत ती, तिथे फिजिओथेरपिस्टचं पद असतं आणि पैसे पडत नाहीत.

येताना बाळाला पोटभर पाजून आणू नका, टम्म बाळ मला काहीच दाखवत नाही. थोडी भूक ठेवा. आणि निघायच्या आधी फोनची गॅलरी उघडा. बारशाचे, झोपेतले, आत्याच्या मांडीवरचे, सगळे फोटो एकामागून एक बघा. पाच-सहा फोटोंत डोकं एकाच खांद्याकडे कललेलं असेल, तर ते फोटो मला दाखवा.