रॉकेट आहे, मैदान कुठंय?

हे बघा, ही साधी पुठ्ठ्याची नळी. खाली बाल्सा लाकडाचे पातळ पंख, वर हलकं टोक, आत घडी घातलेलं पॅराशूट आणि शेपटाशी बोटाएवढी मोटर, म्हणजे इंधन भरलेलं रॉकेटचं इंजिन. सांगाड्यात धातू नाही, आणि हे मुद्दाम आहे.

१९५७ला स्पुटनिक वर गेला नि अमेरिकेतली पोरं लोखंडी पाइपात जस्त आणि गंधक ठासून घरीच रॉकेट करायला लागली, पाइप फुटायचे, पोरं जखमी व्हायची, काही दगावलीसुद्धा. नेब्रास्कातले ऑरव्हिल कार्लाइल, बुटांचं दुकान चालवणारा माणूस, त्यांनी १९५४मध्येच कागदी रॉकेट आणि त्याची तयार मोटर बनवली होती, ती त्यांनी रॉकेटवर काम करणाऱ्या हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठवली. स्टाइन यांनी सुरक्षेचे नियम लिहिले. मोटर घरी भरायची नाही, काडी लावायची नाही, लांब उभं राहून विजेच्या बटणानंच उडवायचं. पोरांचे हात वाचावेत म्हणूनच हा छंद रुजला हो, आणि आज सुरक्षेचं कारण देऊनच त्याला मैदानाबाहेर काढतायत याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकेत देशाचा कायदा एवढा आडवा येत नाही. दीड किलोपर्यंतच्या, सव्वाशे ग्रॅमपर्यंत इंधनाच्या रॉकेटला विमान खात्याची परवानगी लागत नाही. मोठ्या रॉकेटच्या इंधनाला स्फोटक म्हणायचं का यावर वर्षानुवर्षं केस चालली, ती २००९मध्ये छंदवाले जिंकले.

अडतं ते गावात. कुठे पार्कच्या नियमात एक ओळ असते, कुठे शाळा विम्याला घाबरते, कुठे फायरवाले नको म्हणतात. वणव्याची भीती खरी आहे, सुक्या गवतात उडवूच नये, पण पावसानंतरच्या ओल्या हिरव्या मैदानालाही तीच बंदी का? ए, बीपेक्षा ताकदवान अशा सी मोटरला ४०० फूट मोकळी जागा लागते, घरं वाढली तशी अशी मैदानं आधीच कमी झाली, उरली त्यांवर पाटी लागली. मग क्लब शहराबाहेर जातो, ज्याच्या घरी गाडी नि रविवारी मोकळं कोणी आहे तेच पोर तिथे पोचतं, बाकीच्यांचं रॉकेट कपाटावर.

आज या मैदानाची परवानगी मिळालीय. मोटरवर ए८-३ लिहिलंय, शेवटचा ३ म्हणजे इंधन संपल्यावर तीन सेकंदांनी पॅराशूट. सगळे मागे सरकलेत, चावी लावली, बटण दाबलं, गेलं!

जाळ थांबला. एक... दोन... तीन...

उघडलं! पळा, वारा तिकडे नेतोय!