बँकॉकला मशिन बसवताना

श्रोतेहो, नमस्कार.

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये खाऊच्या पुड्या भरायची मशिनं बनतात. त्यातलं एक बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकानमधल्या कारखान्यात बसवायचं होतं. मी निघालो आणि सोबत आमचे जुने फिटर. त्यांना सगळं वर्कशॉप मामा म्हणतं. फिटरला न्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे विमानाचं तिकीट साहेबाला, आणि ज्याच्या हातानं मशिन उभं राहिलं तो मात्र गेटवर निरोप द्यायला. हे बदललं पाहिजे.

कामासाठी जाणाऱ्यांनी थोडं लक्षात ठेवावं. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. समोरच्याला ‘खुन’, म्हणजे आपलं श्री किंवा श्रीमती, लावून पहिल्या नावानं हाक मारायची. पायाचा तळवा कुणाकडे रोखायचा नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. पुन्हा सांगतो, पाय आणि डोकं, ही दोन सांभाळा. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता राष्ट्रगीत लागतं, तेव्हा स्टेशनवरची धावती गर्दी उभी राहते, आपणही उभं राहावं. आणि कागदपत्रांवरचं साल बघून गोंधळू नका. तिथे बुद्ध संवत चालतो. आपल्या २०२५ ला त्यांचं २५६८.

तर, मशिन जागेवर बसलं, वायरिंग झालं. चालू करणार, एवढ्यात मालक म्हणाले, “उद्या. आधी भिक्खू येतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ भिक्खू आले. नऊचा आकडा तिकडे शुभ मानतात. बुद्धमूर्तीपासून पांढरं सूत निघालं, मशिनला वेढा घालून भिक्खूंच्या हाताहातांतून शेवटपर्यंत गेलं. कामगार, मालक, मालकांची म्हातारी आई, सगळे पाय मागे दुमडून जमिनीवर बसले. आम्हीही बसलो. सूत दिसताच मामा सावरून बसले होते, ते मी पाहिलं होतं.

मग मुख्य भिक्खूंनी सुरुवात केली. सूर थायी, उच्चार थायी. मला काही उमगेना. पण मामांचे हात जोडले गेले आणि ओठ हलू लागले. “बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि.” भिक्खू एक ओळ सांगत, लोक ती मागून म्हणत. मामांना मागून म्हणायची गरजच नव्हती. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. पाणातिपाता वेरमणी... पाचही शीलं त्यांनी खणखणीत आवाजात म्हटली.

मामा मूळचे नांदेडकडचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी त्यांचे वडील दीक्षाभूमीवर होते. घरी रोज संध्याकाळी वंदना. पाली भाषेतले तेच शब्द, नांदेडच्या घरातले आणि समुत प्राकानच्या कारखान्यातले.

म्हातारी आई वळून बघतच राहिली. विधी संपल्यावर ती मामांपाशी आली आणि दोन्ही हात जोडून, कपाळापर्यंत नेऊन तिनं वाय केला. वाय म्हणजे त्यांचा नमस्कार. वयानं मोठ्या बाईनं आधी वाय करणं तिकडे सहसा घडत नाही. मामांचे डोळे भरून आले. मालकांनी दुभाष्याला बोलावलं आणि मला ओलांडून मामांनाच विचारलं, “आपल्याकडेही हे म्हणतात?” मामांनी दीक्षाभूमी सांगितली, बाबासाहेब सांगितले, चैत्यभूमीवरची गर्दी सांगितली. दुभाष्या दमला, पण मामा काही थांबेनात.

भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हावं लागतं. ते झालं, मग आमची पंगत बसली. आणि बटण दाबायची वेळ आली तेव्हा आईनं मामांचा हात धरून त्यांना पुढे नेलं. मान त्यांचा होता, त्यांनाच मिळाला. बँकॉक म्हटलं की आपल्याकडे बाजार आणि मसाज एवढंच बोलतात, याचा मला खरंच राग येतो.

त्या मालकांनी पुढे आणखी एक मशिन मागवलं. पत्रात पहिली अट होती, बसवायला मामाच हवेत. तारीख मात्र आम्ही एप्रिलच्या शेवटची घेतली. १३ ते १५ एप्रिल तिकडे सोंगक्रान, त्यांचं नवं वर्ष. सगळे आपापल्या गावी जातात आणि कारखाने बंद असतात.