अळंबीच्या अंगावरून बोट फिरवताना

श्रोतेहो, नमस्कार. श्रावणाच्या तोंडावर कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात पानांवर मांडलेली रानअळंबी दिसू लागते. आपण तिचा रंग पाहतो, भाव विचारतो. आज जरा तिच्या अंगावरून बोट फिरवू. हात लावायला भिऊ नका. विषारी अळंबीचं विष पोटात गेल्यावर बाधतं, नुसत्या स्पर्शाने नाही.

वारुळावरची अळंबी घ्या. टोपीच्या मधोमध एक टोक असतं, बाकी टोपीहून गडद आणि टणक. या टोकानेच ती माती फोडून वर येते. तिथून कडेपर्यंत बारीक रेशमी रेषा उतरतात आणि टोपी पुरती उघडली की कडा या रेषांवरच चिरते. देठ भरीव, धाग्याधाग्यांचा. तो मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीने पोसलेल्या बुरशीपर्यंत खाली जातो. ओढून काढाल तर हा भाग मातीतच राहील.

आता ज्यांच्या टोपीवर काहीतरी चिकटल्यासारखं दिसतं, त्यांच्याकडे वळू. इथे नखाने हलकेच खरवडून बघावं. हिरवळीवर उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले असतात. टोपी फुगताना तिचीच कातडी फाटून ते झालेले असतात. ही छत्री विषारी आहे, तिच्या खालच्या पात्या पुढे हिरवट होतात. अमानिटा या, काही जीवघेण्या विषारी जाती असलेल्या गटातल्या अनेक अळंब्यांवरचे चामखिळीसारखे कण मात्र नखाने सुटे होतात. कोवळेपणी सगळ्या अळंबीला झाकणाऱ्या पडद्याचे ते तुकडे. आपल्याकडच्या सरीत ते धुऊनही जातात आणि टोपी साळसूदपणे गुळगुळीत दिसते! म्हणून देठाचा बुंधा उकरून पाहायचा. त्याच पडद्याची पिशवी तिथे सापडू शकते. पण पिशवी दिसली म्हणजे विषारी, असंही नाही. भाताच्या पेंढ्यावरच्या खाण्याच्या अळंबीलाही ती असते. नुसत्या स्पर्शावर भाजीचा निर्णय कुणी घेऊ नये, तो जाणत्यांचाच.

देठ मोडूनही बघा. रसुला गटातल्यांचा देठ खडूसारखा कटकन तुटतो, धागा निघत नाही.

आणि आंब्याच्या वाळक्या फांदीवर पंख्यासारखी, राखाडी-पांढरी, लवदार अळंबी असते, तिला देठ जवळजवळ नसतोच. उन्हात ती आक्रसते, खालच्या दुभंगलेल्या पात्या आत वळतात. पुन्हा भिजली की उघडते. हे पाहायला रानात जायची गरज नाही, परसातली फांदी पुरते.