पेडल वर येईना

[दृश्य: परतवाडा–चिखलदरा घाट. पुढे एसटी, मागे लाल सेडान.]

मे महिना. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट. पुढे एसटी, तिच्याही पुढे सामानानं लादलेला छोटा ट्रक, आणि दोघांच्या मागे मी. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. अर्धा तास डावा पाय क्लचवरून निघाला नव्हता. एका वळणावर क्लच दाबला, गिअर काढला, पाय उचलला. पेडल खालीच.

बुटाचं टोक खाली घालून ते वर ओढलं. दाबलं, परत खालीच राहिलं. पहिला गिअर पडेना. रिव्हर्स टाकायला गेलो तर गिअरबॉक्सनं करकरून दात खाल्ले. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, तर तोच गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

गाडी म्हणजे पाच गिअरची जुनी टर्बो पेट्रोल सेडान. कंपनीतून निघाली तेव्हा 150 अश्वशक्तीची होती, मी हौसेनं तिला आणखी चढवली. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये जास्त कडक प्रेशर प्लेटही, म्हणजे क्लच प्लेटला इंजिनशी दाबून धरणारी स्प्रिंगची चकती, बसवून घेतली. त्याच वर्कशॉपला घाटातून फोन लावला. पलीकडून निदान तयारच होतं: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, टो करून आणा.

पाऊण तास झाडाखाली बसलो. पेडल आपोआप सुधारलं. हळूहळू घाट उतरलो आणि परतवाड्याच्या अलीकडे पहिलं गॅरेज दिसलं तिथं शिरलो.

[दृश्य: पत्र्याचं शेड. एक ट्रॅक्टर मधोमध उघडा पडलेला, एक बोलेरो जॅकवर.]

इथे येतात ट्रॅक्टर, बोलेरो, काळी-पिवळ्या. खाली चिकटून बसणारी टर्बो सेडान बघून दोन पोरं हातातलं काम टाकून आली. मिस्त्री मात्र ट्रॅक्टरखालून निघाले नाहीत. तिथूनच विचारलं, "चढावर गाडीनं ओढ सोडली का जी? नुसतं इंजिन बोंबललं अन गाडी जागीच, असं झालं का?"

नाही. ओढ होती.

"मंग प्लेट कायले जाईल? प्लेट घासली की क्लच घसरते. तुमचा तं सुटूनच नाई रायला."

आमच्यासारखे शौकीन हा फरक हमखास विसरतात. प्लेट झिजली तर क्लच नीट धरत नाही, इंजिन पळतं आणि गाडी मागे राहते. इथे उलटं होतं. क्लच धरलेलाच राहत होता, म्हणून चालू इंजिनात गिअर पडत नव्हता आणि बंद इंजिनात पडत होता. अर्थात प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटली, क्लच सोडवणारा काटा, म्हणजे फोर्क, मोडला किंवा प्रेशर प्लेटची पाती तुटली तरी क्लच सुटत नाही. पण ते बघायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या तेलाची बाजू बाहेरूनच तपासता येते, म्हणून आधी ती.

मिस्त्री बाहेर आले, हात पुसले, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या पायाखालची जाड मॅट काढून बाहेर फेकली.

"आधी हे. मॅटच्या जाडीनं पेडल पुरं खाली जात नाई अन लोक गिअरबॉक्स खोलतात."

माझा दोष मॅटमध्ये नव्हता. पण मॅट गाडीत परत गेली ती दुसऱ्या दिवशी, शेवटी.

[दृश्य: बॉनेटखाली ब्रेक ऑइलची पारदर्शक डबी, जवळून.]

पोराला समजावताना मिस्त्री म्हणाले, "ट्रॅक्टरले सळई, मोटरसायकलले तार, अन याले तेल." क्लचच्या हायड्रॉलिक्सचा यापेक्षा सोपा धडा मी तरी ऐकलेला नाही. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरचा, म्हणजे मास्टरचा, पिस्टन तेल ढकलतो. तेल नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये, स्लेव्हमध्ये जातं. स्लेव्हचा दांडा बाहेर सरकतो, फोर्क हलतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबतं आणि प्लेट मोकळी होते.

या सगळ्यात तेल किती हलतं? धरून चालू की मास्टरचा व्यास 16 मिलिमीटर आहे आणि पिस्टन 30 मिलिमीटर सरकतो. हिशेब होतो साधारण 6 मिलिलिटरचा. चहाच्या चमच्याहून थोडं जास्त. त्यातलं एक मिलिलिटर हवेनं खाल्लं किंवा रबराच्या कडेनं निसटलं, की स्लेव्हच्या दांड्याची चाल सहाव्या हिश्शानं कमी. प्लेट जेमतेम चिकटून राहायला तेवढं पुरतं.

आणि प्रेशर प्लेट जितकी कडक, तितका तेलावर दाब जास्त. मूळ प्लेटवर आणखी दोन वर्षं निघाली असती अशी थकलेली रबरं कडक प्लेटपुढे लवकर हात टेकतात. मी प्लेट बदलली होती. सिलिंडर जुनेच होते.

डबीत तेल काठोकाठ. मला हायसं वाटलं, मिस्त्रींना नाही. ते डॅशखाली आडवे झाले आणि मास्टरच्या दांड्यावरच्या रबरी टोपीभोवती बोट फिरवलं. कोरडं. गाडीखाली जाऊन स्लेव्हची टोपी मागे सरकवली. तीही कोरडी. मग ढोरांच्या डॉक्टरकडं असते तसली जाड सिरिंज आणली, डबीतलं थोडं तेल ओढलं आणि स्टीलच्या ताटलीत सोडलं.

[दृश्य: ताटली, जवळून. काळसर तेल. बोटाने पसरवल्यावर मिरपुडीसारखे कण.]

ताजं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं. हे उकळून ठेवलेल्या बिनदुधाच्या चहासारखं होतं. मिस्त्रींनी थेंबभर पाण्याच्या ग्लासात टाकलं. विरघळलं. तवंग धरला असता तर कुणीतरी चुकून इंजिनचं किंवा स्टिअरिंगचं तेल ओतलंय असा अर्थ, आणि मग आतली रबरं फुगून सगळीच बाद. तेवढं वाचलं.

काळे कण रबराचे. आणि हे तेल पाणी पितं, हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की प्रमाणातली किमान मर्यादा 155 अंशांवर येते. मेमधले 44-45 अंश काही तेल उकळत नाहीत. पण नळी टर्बोच्या शेजारून जाते, आणि तिथली उष्णतारोधक पत्र्याची पट्टी मागच्या कुठल्याशा कामात काढली गेली होती, परत लागलीच नव्हती. घाटात रांगताना वारा नाही, टर्बो तापलेला. तेलात वाफ झाली. तेल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पेडल खाली गेलं. झाडाखाली पाऊण तासात वाफेचं परत पाणी झालं आणि पेडल सुधारलं.

या गाडीत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतलं तेल पितात. क्लचची वाट वरच्या बाजूनं असते, त्यामुळे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं तेल खाली उरतं. पण म्हातारं तेल दोन्हीकडे सारखंच म्हातारं. त्याच तेलावर मी ब्रेक मारत घाट उतरून आलो होतो, हे ताटलीकडे बघताना लक्षात आलं.

[दृश्य: पोरगा ड्रायव्हरच्या जागी, मिस्त्री गाडीखाली. स्लेव्हच्या निप्पलवरून, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीवरून, पारदर्शक नळी बाटलीत.]

मग हवा काढणं. फेंडरवर ओला फडका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. "दाब. धर." निप्पल उघडला, बाटलीत बुडबुडे, निप्पल बंद. "सोड." पोरगा पायाचा अंगठा अडकवून पेडल वर आणायचा. दाब, धर, सोड. डबी रिकामी होऊ दिली नाही, नाहीतर वरून परत हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. वीस-पंचवीस वेळा झाल्यावर नळीतून स्वच्छ पिवळं तेल यायला लागलं. मग तसंच चारही चाकांच्या ब्रेकचं.

पेडल घट्ट लागत होतं. मी पैसे काढायला खिशात हात घातला.

"थांबा ना जी."

मिस्त्रींनी स्लेव्हच्या दांड्याची बाहेर आलेली जागा खडूनं खूण करून ठेवली. पोराला सांगितलं, झटक्यानं दाब. दांडा खुणेपर्यंत आला. आता सावकाश दाब, पिकलेला टोमॅटो दाबल्यासारखा. दांडा खुणेच्या अलीकडेच थांबला. आणि पोरानं पेडल तसंच धरून ठेवलं, तर दांडा डोळ्यांदेखत मुंगीच्या चालीनं मागे सरकायला लागला.

हवा असती तर दांडा कमी सरकला असता, पण जिथं थांबला तिथं थांबून राहिला असता. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर वरही आलं असतं. इथं दाब टिकतच नव्हता. झटक्यानं दाबलं की रबराची कड सिलिंडरला घट्ट बसते, हळू दाबलं की तेल कडेनं मागे पळतं. आणि पळून जातं कुठं, तर परत डबीत. म्हणून डबी भरलेली आणि टोप्या कोरड्या. सिग्नलवर क्लच दाबून उभं असताना माझी गाडी महिनाभर किंचित पुढे सरकायची, मी रस्त्याच्या उताराला दोष द्यायचो.

वरचं की खालचं, एवढंच उरलं. मिस्त्रींनी स्लेव्हजवळच्या रबरी नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि वाइस ग्रिपनं ती बेतानं चिमटली. बाहेरून स्टीलची जाळी असलेली नळी असती तर हा प्रयोग करायचा नाही, ती आतून मोडते. आता खालचं सिलिंडर हिशेबातून बाहेर. पेडल घट्ट राहिलं असतं तर दोष खाली. पोरानं सावकाश दाबलं. पेडल बसत गेलं.

"वरचं," मिस्त्री म्हणाले आणि परत ट्रॅक्टरखाली गेले.

[दृश्य: रात्र. शेडबाहेर बाज, पंखा, लांबून ट्रक.]

नवं मास्टर सिलिंडर नागपूरहून ट्रॅव्हल्सनं अमरावतीला आलं आणि तिथून एसटीनं परतवाड्याला, दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर जुनं उघडून झालं होतं. पिस्टनच्या रबरी कपाची कड एका बाजूनं चपटी झालेली. सिलिंडरच्या आत मिस्त्रींनी माझंच नख फिरवायला लावलं. एका जागी अडकलं. बारीक चर. नुसती रबरं बदलली असती तर त्या चरानं नवा कपही खाल्ला असता.

नवं बसलं, हवा काढली. टर्बोजवळ नळीला जुन्या पत्र्यातून कापलेली पट्टी लागली. बॉनेट उघडं ठेवून पोराला पेडल दाबायला लावलं आणि मिस्त्रींनी मास्टर ज्या पत्र्यावर बसतो तोही हात ठेवून पाहिला. कडक प्लेटमुळे पत्राच लवत असेल तर चाल तिथंही गळते. लवत नव्हता.

[दृश्य: खडूची खूण, अगदी जवळून. पार्श्वभूमीला आकडे मोजणारा पोराचा आवाज.]

शेवटची परीक्षा पुन्हा तीच. सावकाश दाब, धरून राहा. पोरगा मोठ्यानं मोजत होता. साठपर्यंत मोजलं. दांडा खडूच्या खुणेवरून हलला नाही.

मिस्त्री ट्रॅक्टरखालून म्हणाले, "आता तुमची ते मॅट टाका. पातळवाली घ्या बावा, पुढच्या खेपेले."